गोळ्यांचा पंडुम

गयाबाईला अहो-जाहो खपत नसे. लग्न होऊन मी कोत्तापेठेला आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी ती घरात शिरली, चुलीवरच्या भांड्याचं झाकण काढून आत काय शिजतंय ते पाहिलं आणि मला विचारलं, "ताप येते का तुले?"

मी म्हटलं, "नाही हो बाई."

"येईल. आला का सांगजो. अन् मले हो-बिहो करू नको. मी गया होय, इथली नर्स."

वयानं ती माझ्या आईच्या बरोबरीची. चांद्याच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेली मी, मोठ्यांना एकेरी हाक मारायची म्हणजे जीभ अडखळायची. पण आठवड्याभरात सवय झाली, कारण या बाईला मान द्यायला वेळच मिळत नसे. ती येई, बोले, काहीतरी खाई आणि निघून जाई.

कोत्तापेठ आलापल्लीच्याही पुढं, सागाच्या जंगलात, नदीच्या काठी. आमचे हे तिथल्या लाकडाच्या डेपोत कारकून. स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती. गावात सरकारी दवाखाना होता, पण डॉक्टर टिकत नसे. नवा डॉक्टर आला की त्याला ताप येई, आणि ताप उतरला की तो बदली मागे. राहिली ती गयाबाई. ब्रह्मपुरीकडच्या ढिवराची लेक, तळ्यात मासे धरत वाढलेली. नवरा लवकर गेला, तेव्हा चांद्याला येऊन नर्सचं शिकली. अंगानं भरलेली, आवाज नदीपलीकडं जाईल असा. पांढऱ्या लुगड्याला इतकी नीळ घालायची की लांबून ते आभाळी दिसे. वाळलेल्या मासोळीची चटणी केली की तिला वास कुठून लागायचा देव जाणे, मी ताट वाढेस्तोवर ती दारात हजर.

दवाखान्यात नवं औषध आलं की आधी ती स्वतः जिभेला लावून पाही. कोयनेलची, म्हणजे क्विनीनची, चव तिला इतकी पाठ होती की ती जेवताना वर्णन करून सांगायची आणि आपला घास कडू करायची. हिवतापाला ती पाहुणा म्हणे. रस्त्यात कोणी चादर पांघरून कुडकुडत बसलेला दिसला की विचारायची, "पाहुणा कधी आला, भाऊ? जेवून जाणार का मुक्कामाले हाय?" तो तापातही हसे.

आणि मागायची लाज तिला जन्मात शिवली नाही. जंगलात दौऱ्यावर येणारा प्रत्येक साहेब पेटीत कोयनेलची बाटली घेऊनच येत असे. साहेबाचा तंबू उठायच्या आत गयाबाई तिथं. "साहेब, तुमी आता चांद्याले चालले. तिथी दुकानात भेटते. उरलेलं इथी ठेवून जा." साहेब देत. न देणाऱ्याच्या तंबूसमोर ती बसून राही आणि त्याच्या शिपायाशी मोठ्यानं गप्पा मारी, गेल्या सालचा साहेब कसा दिलदार होता याबद्दल. मग तोही देई.

एकदा तिला कुठून तरी पिवळ्या गोळ्या मिळाल्या. ताप त्यांनी हटे, पण रोज घेतल्या तर माणूस हळूहळू पिवळा पडे. आमच्याकडचा एक फॉरेस्ट गार्ड त्या नेमानं घेत होता, आणि तसाच सुटीवर सासुरवाडीला गेला. सासूनं दारातच अडवला. अंगाला हळद कोणाची लागली, दुसरं लगीन केलं का, म्हणून तिनं सगळी आळी गोळा केली. बिचाऱ्याला हातपाय धुऊन दाखवावे लागले, तरी हळद निघेना. शेवटी तो बायकोला घेऊनच कोत्तापेठेला आला, गयाबाईच्या तोंडून खुलासा ऐकवायला. गयाबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि गंभीर तोंड करून त्या पोरीला म्हणाली, "बाई, असा पिवळा नवरा चांगला. ताप येत नाई अन् अंधारात दिसते." ती पोर खुदकन हसली आणि भांडण मिटलं. गार्ड मात्र पुढं कित्येक दिवस गयाबाईशी बोलत नव्हता.

आता हे सगळं हसण्यावारी, पण एका गोष्टीवर गयाबाई हसत नसे. नदीपलीकडं नेंडवेली नावाचं माडियांचं छोटं गाव होतं. पावसाळ्यात नदी भरली की ते तुटायचं, आणि ताप नेमका तेव्हाच यायचा. चांद्याहून दवाखान्याला औषध यायचं ते दिवाळीच्या सुमाराला, रस्ते वाळल्यावर. म्हणजे ताप गेला की औषध हजर. मी आले त्याच्या आदल्या पावसाळ्यात नेंडवेलीत लहान पोरं दगावली होती. गयाबाई अलीकडच्या काठावर उभी राहून पलीकडची रडारड ऐकत होती आणि तिच्या बरणीत एकही गोळी नव्हती. हे तिनं मला एकदाच सांगितलं, भाजी निवडता निवडता, आणि पुन्हा कधी विषय काढला नाही. पण उन्हाळा लागला की तिचं जेवण कमी होई. यंदा नदी बंद व्हायच्या आत गोळ्या पलीकडं पोचल्या पाहिजेत, एवढंच तिच्या डोक्यात.

त्या उन्हाळ्यात मी माहेरी निघाले होते, तर ती माझ्यासोबत चांद्याला आली. दवाखान्यांना औषधं पाठवणाऱ्या सरकारी कचेरीत मलाही ओढून नेलं. तिथले बाबू सभ्य होते, चष्मा पुसत म्हणाले, "बाई, गेल्या वर्षी तुमच्याकडं जेवढं लागलं तेवढं यंदा मिळेल. तसा नियम आहे."

"गेल्या वर्षी किती लागलं?"

"अगदी थोडं. तुमच्याकडं मागणीच नाही."

गयाबाई खुर्चीवर बसली. खुर्ची करकरली. "बाबूजी, गेल्या साली तापाच्या दिवसात आलंच नाई, त लागंल कोठून? माहा पोट्टा दिवसभर उपाशी राह्यला अन् तुमी म्हणता त्याले भूकच नाई. यंदाही उपाशी ठेवा, मंग पुढच्या साली त अजून कमी लागंल. चार सालात तुमचा खर्च मिटला."

बाबूंनी चष्मा पुन्हा पुसला. त्यांचीही चूक नव्हती, त्यांना वरून जे ठरवून दिलं होतं तेच ते बोलत होते. ते म्हणाले, मोठ्या साहेबांना विचारतो, उद्या या. गयाबाई म्हणाली, उद्या कायले, मी इथीच हाय. तिनं पदराची गाठ सोडली, भाकरी-चटणी काढली, बाबूंच्या टेबलावर कागद पसरून त्यांनाही वाढली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबूंनी आधी नको नको केलं, मग खाल्लं, मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मासोळीची चटणी ती, झेपणार कशी? पण दुपारून ते स्वतः साहेबांकडं गेले आणि गोळ्यांची एक पेटी मिळाली. पांढऱ्या, नव्या गोळ्या. दुसऱ्या पेटीसाठी तिनं परतल्यावर आमच्याकडच्या लाकडाच्या ठेकेदाराला भर बाजारात गाठलं. "ठेकेदारभाऊ, तुमचं लाकूड नेंडवेलीचेच लोक तोडते ना? ते तापानं पडले त लाकूड तुमी अन् मी तोडू का?" ठेकेदार हसला आणि त्यानंही गोदामातल्या गोळ्या दिल्या.

पाऊस यायच्या आधी गयाबाई डोंग्यात बसून पलीकडं गेली. डोंगा म्हणजे एका खोडाची कोरलेली होडी. मी काठावर होते. वल्हवणाऱ्याचं वल्हं तिला पसंत पडलं नाही, अर्ध्या नदीत तिनं ते त्याच्या हातातून घेतलं आणि आपणच वल्हवत गेली. ढिवराची लेक, तिला कोण शिकवणार. संध्याकाळी आली ती नाचायचीच बाकी होती. नेंडवेलीचा गायता, म्हणजे गावाचा पुजारी, जुरू नावाचा म्हातारा, त्याच्या हवाली तिनं सगळ्या गोळ्या केल्या होत्या. "त्याले म्हटलं, धान्यासारख्या जप. नव्या पिकाची जे रीत, तेच ह्याची रीत. बुढा मान डोलावून हो म्हणाला. आता येऊ दे पाहुण्याले."

नदी भरली. गयाबाई पोटभर जेवू लागली, माझ्या घरची मासोळी संपवली. कोणी नेंडवेलीचं नाव काढलं की म्हणायची, तिकडची काळजी नाई.

आणि एका दुपारी पलीकडून एक माणूस आला, पोटाशी वाळका भोपळा बांधून, भरल्या नदीतून पोहत. गयाबाई माझ्याकडंच होती. त्याला माडिया येत होती आणि तोडकी मराठी. गावात ताप पसरलाय, म्हणाला. गायत्याची नात तर डोळे उघडत नाही.

"अन् गोळ्या?" गयाबाईनं विचारलं.

"आहेत. गायत्यानं देवाजवळ ठेवल्या. कोणी हात लावला नाही."

"काऊन?"

त्याला या प्रश्नाचं नवल वाटलं. "पंडुम नाही झाला," तो म्हणाला.

गयाबाईनं कपाळावर हात मारला. मला तिनं मग समजावलं. नवं पीक, नवा आंबा, नवं मोहफूल, काहीही नवं असो, देवाला दाखवून गावाचा पंडुम हा सण झाल्याशिवाय तिथं कोणी तोंडात घालत नाही. एकानं घातलं तर साऱ्या गावाला बाधतं. आणि तिनं स्वतःच सांगून ठेवलं होतं, नव्या पिकाची रीत तीच ह्याची रीत. जुरू गायत्यानं तिचा शब्द अक्षरशः पाळला होता. पुढचा पंडुम धान कापल्यावर, आणि तोवर गोळ्या देवाजवळ.

"माह्याच तोंडानं म्यां कुलूप लावलं गं," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. मग ती उठली, डोंगेवाल्याला हाक मारली आणि मला म्हणाली, "तू येजो. माह्या एकटीच्या वजनानं डोंगा एका बाजूले जाते."

मी का गेले ते मला आजही सांगता येत नाही. ह्यांना विचारलं असतं तर नाही म्हणाले असते, म्हणून विचारलंच नाही. नदी तांबडी, फुगलेली, मधे झाडांचे बुंधे वाहत येताहेत. डोंगेवाला पुढं, गयाबाई मागं वल्हं मारतेय, आणि मी मधे डोळे मिटून कुलदेवीला काय काय कबूल करतेय. गयाबाई सगळा वेळ नदीला शिव्या देत होती. शिव्यांनी मला धीर आला हे मात्र खरं.

जुरू गायता ओसरीवर बसला होता. आत त्याची नात चटईवर पडलेली, चेहरा लालभडक. त्याच्यामागं कोनाड्यात, देवाजवळ, गोळ्यांच्या पेट्या मोहाच्या पानांनी झाकलेल्या. नात जळतेय आणि हातभर अंतरावर औषध, तरी त्यानं पान उचललं नव्हतं. मला त्याचा राग आला. वाटलं, आत जावं, पेटी फोडावी आणि गोळी पोरीच्या घशात घालावी. गयाबाईनं माझा दंड धरला. तिला माझ्या तोंडावरून कळलं असावं.

ती गायत्यासमोर मांडी घालून बसली आणि त्याच्याशी बोलू लागली, अर्धं माडिया, अर्धं आपलं. मला मागाहून कळलं ते सांगते. "तुह्यं बरोबर हाय, बुढा," ती म्हणाली. "म्यांच तसं सांगितलं. मंग आजच पंडुम करू."

गायता म्हणाला, "पंडुम पीक पिकल्यावर करतात."

"हे पिकूनच आलं. कच्चं हाय का? फोडून पाह."

त्यानं मागं वळून पेट्यांकडं पाहिलं. मग विचारलं, "हे कोणाच्या शेतातलं?"

"माह्या. म्यांच चांद्याले जाऊन काढलं. लय कठीण शेत होतं."

गायत्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी हललं. शेतवाली स्वतः आली आहे, तर देवाला दाखवता येईल, तो म्हणाला. कोंबडा गाव देईल. फक्त एक, पंडुमात घरातल्या प्रत्येकानं खाल्लं पाहिजे. म्हातारे, बायका, कडेवरची पोरं, सगळ्यांनी.

इथं गयाबाईचा चेहरा उतरला. गाव लहान असलं तरी साऱ्या गावानं गोळ्या खाल्ल्या तर आजाऱ्यांना पुरा डोस कुठून द्यायचा? चांद्याशी आणि ठेकेदाराशी भांडून आणलेलं सगळं एका सणात संपणार. आणि रस्ते तर बंद. ती उठून अंगणात गेली, पेजेच्या मोठ्या मडक्यात डोकावली, बोटानं चाखली आणि हसत परत आली.

"नव्या धानाचा पंडुम करता तेव्हा पोटभर खाता का, बुढा?"

"नाही. चाखतो. घास घास."

"मंग यंदाही घास घास."

तिनं थोड्या गोळ्या दगडावर कुटल्या आणि पेजेच्या मडक्यात ढवळल्या. आजारी नसलेल्यांना तेवढ्यावर भागवायचं. गायत्यानं पेट्यांवरचं पान काढलं, कोंबडा कापला, जमिनीवर मोहाची दारू शिंपडली, त्यानं एकेका देवाचं नाव घेतलं. मग पानाच्या द्रोणात पहिला घोट गयाबाईला, शेतवालीला दिला, आणि दुसरा त्यानं स्वतः घेतला. त्याचं तोंड असं काही वाकडं झालं की सारं गाव श्वास धरून पाहत राहिलं. त्यानं गिळलं. मग सगळ्यांनी. कोयनेल काय, ही नवी पांढरी गोळी काय, कडूपणात बहिणीच. पोरं थुंकायला लागली, बायका पदरात तोंड लपवून हसायला लागल्या. एका म्हातारीनं द्रोण रिकामा करून गयाबाईला विचारलं, "असलं पिकवलंस तरी कशाला?" मलाही घोट मिळाला, आणि तो गिळायला त्या गावात सर्वांत जास्त वेळ मीच लावला असेल.

पंडुम झाला. मग गयाबाई पदर खोचून घराघरात शिरली आणि आजाऱ्यांना भरपूर गोळ्या, पाणी, पुन्हा गोळ्या. आम्ही तिथंच राहिलो, कारण तिनं पाय काढायचं नावच घेतलं नाही. गायत्याच्या नातीला घाम सुटून ताप उतरला तेव्हा तिचा आजा ओसरीवर ढोल घेऊन बसला. परत आलो तेव्हा आमचे हे काठावर उभे. ते माझ्यावर ओरडणार होते, पण गयाबाई आधी त्यांच्यावर ओरडली, बायकोला डोंग्यातून हात देऊन उतरवता येत नाही का म्हणून. त्यामुळे ते राहूनच गेलं.

त्या पावसाळ्यात नेंडवेलीत तापानं कोणी गेलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात जुरू गायता आपल्या गावची माणसं घेऊन दवाखान्याच्या ओट्यावर येऊन बसला. गोळ्यांच्या पंडुमाचा दिवस धरलाय, म्हणाला. पाऊस यायच्या आधीचा दिवस. माल कुठाय? गयाबाईच्या बरणीत तेव्हा तळाला थोडंच होतं. चांद्याहून निरोप आला होता की गेल्या वर्षी तुमच्याकडं जास्त गेलं, यंदा दुसरीकडं द्यायचं आहे. तिनं गायत्याला सगळं सांगितलं. गायता म्हणाला, दिवस धरलाय. गयाबाई जोरात हसली. "बाबूले मागणी पायजे होती. हे पाहा, चालून आली." आणि लाकडाच्या ट्रकवर त्या सगळ्यांना चढवून चांद्याला घेऊन गेली.

मी तेव्हा तिथं नव्हते, हे मागाहून कानावर आलं. आमची बदली झाली होती आणि मी आधीच चांद्याला आईकडं येऊन गोंदियाच्या गाडीची वाट पाहत होते. गयाबाईचा निरोप न घेताच निघावं लागलं म्हणून मी दोनदा रडलेही. स्टेशनकडं जाताना जटपुरा दरवाज्यात आमचा टांगा अडला. समोरून ट्रक येत होता. वर नेंडवेलीची माणसं, मधे पेट्यांचा ढीग, आणि ढिगावर आभाळी लुगड्यातली गयाबाई. शेजारी जुरू गायता, दोन्ही हात एका पेटीवर घट्ट.

मी टांग्यातून खाली उतरले. हाक मारली. तिनं पाहिलं, हात केला.

"दिल्या का गं त्यांनी?" मी विचारलं.

"देतीन नाई त काय? बुढा साहेबाच्या दारातच बसला. दिवस धरला म्हणून सांगत होता. साहेब विचारे, कायचा दिवस, त हा परत म्हणे, दिवस धरला."

"उतर ना गया, आईकडं चल, चहा घे. मी आज जातेय, गोंदियाला. पुन्हा कधी..."

"जा, सुखानं जा." तिनं मान वर करून आभाळ पाहिलं. राजुऱ्याकडून ढग चढत होते. "मी नाई उतरत. आज निंगालो नाई त नदी आमच्या आधी भरते." आणि तिनं ड्रायव्हरच्या टपावर हात आपटला. "चाल भाऊ, काऊन उभा हायेस?"

ट्रक निघाला. धड निरोपही घेतला नाही बाईनं, आणि त्याचा मला इतका आनंद झाला की टांगेवाला हाका मारत होता तरी मी दरवाज्यात उभीच राहिले.